एकोणपन्नास पिशव्या

माती तपासणी केंद्रात कुणाचा वाढदिवस असला, की ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात सुरी फक्त फोटोपुरती द्यायचे. फोटो झाला की सुरी तराजूबाईंकडे. माणसं तेवीस असोत नाहीतर सव्वीस, बाई एकदा केककडे बघायच्या, एकदा माणसांकडे, आणि असे तुकडे पाडायच्या की कोणता उचलावा हा प्रश्न कुणाला पडू नये. साहेबांना मोठा आणि शिपायाला छोटा हा प्रकार त्यांच्या हातून एकतीस वर्षांत कधी घडला नाही. मधल्या एका साहेबांना ते खटकलं होतं, पण ते बदलून गेले आणि सुरी बाईंकडेच राहिली.

तराजूबाई हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. केंद्रातल्या कुणीतरी ते कधीतरी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की अकरा वर्षांपूर्वी नवा आलेला कारकून हजेरीपुस्तकातलं त्यांचं खरं नाव वाचून चार दिवस विचारत फिरत होता, या कोण, या कधी कामावर दिसत कशा नाहीत. बाईंना या नावाचा राग नव्हता. उलट आतून थोडा अभिमानच होता, आणि तो लपवायची कला त्यांना काही साधली नव्हती.

त्यांचं काम म्हणजे शेतांत जाऊन तपासणीसाठी माती आणणं. हे कुणालाही जमेल असं ऐकणाऱ्याला वाटतं. वाटू दे. शेतात शिरायचं ते नागमोडी चालत, पंधरा-वीस ठिकाणी थांबत. झाडाखालची जागा सोडायची, बांधालगतची सोडायची, जिथे कधी खताचा ढीग होता तीही सोडायची. वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घमेल्यात टाकायची. मग सगळ्या ठिकाणची माती एका कापडावर ओतायची, ढेकळं फोडायची, हाताने मिसळून पसरायची आणि बोटाने वर अधिकची खूण काढून तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे दोन टाकायचे. जे राहिलं ते परत मिसळायचं, परत चार भाग. असं करत करत शेवटी अर्धा किलो उरते, ती पिशवीत भरायची. अख्ख्या शेताच्या वतीने बोलणारी ती अर्धा किलो माती.

बाईंच्या पिशवीतून कुठूनही चमचा भरा, आकडा तोच येतो, असं प्रयोगशाळेतले लोक म्हणायचे. हे कौतुक बाईंनी घरी येऊन यजमानांना शंभरदा तरी सांगितलं असेल. यजमान निवृत्त बसचालक, रस्त्यावरच्या गर्दीत संयम शिकलेले. ते शंभरदा "वा" म्हणाले होते.

घरातही कारभार हाच. दोन मुली, दीड वर्षाच्या अंतराने. एकाच ताग्यातले फ्रॉक, एकाच मापाच्या वेण्या. एकीला ताप आला तर औषध तेवढं एकीला, पण खाऊ दोघींना. बारावीनंतर दोघींनाही शिक्षिकेच्या कोर्सला घातलं. थोरलीला तो मानवला, ती आज शाळेत गणित शिकवते. धाकटीने दीड वर्षात सोडला आणि फरशा बसवायचं काम शिकायला गेली. बाईंना धक्का बसला, पण तो धक्काही त्यांनी दोघींना सारखा वाटून दिला, म्हणजे आठवडाभर दोघींशीही बोलल्या नाहीत. थोरलीचा त्यात काय गुन्हा होता हे थोरलीला अजून कळलेलं नाही.

आता दोघी आपापल्या घरी सुखात होत्या. दर रविवारी अकराच्या ठोक्याला बाई फोन लावायच्या, दोघींना एकाच वेळी, एकाच कॉलवर. एकीला आधी आणि एकीला नंतर ही भानगडच नको. कॉलवर थोरली बोलायची, मुलांचं, शाळेचं, नव्या मुख्याध्यापिकेच्या नव्या नियमांचं. धाकटी "हो" म्हणायची, "बरं" म्हणायची, फार झालं तर "चाललंय" म्हणायची. धाकटी पहिल्यापासूनच अबोल, असं बाई सगळ्यांना सांगत.

बाईंच्या निवृत्तीला दोन-अडीच महिने उरले असताना साहेबांनी त्यांना एका संशोधक मुलीच्या मदतीला दिलं. मुलगी विद्यापीठातून आली होती, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणून केंद्रात तिला सगळे "होणाऱ्या डॉक्टर" म्हणत. तीन वर्षं ती जमिनीतल्या जीवाणूंच्या मागे लागली होती. बाईंना तिच्या कामातलं एवढंच दिसलं, की तिला माती हवी असते, आणि ती घेण्याआधी ती हातमोजे घालते, गिरमिट स्पिरिटने पुसते, वर ज्योतीवरही धरते. "एवढी स्वच्छता कशासाठी, तर मातीत घालायला," असं बाई यजमानांना म्हणाल्या. पण पोर लाघवी होती. मावशी मावशी करायची आणि डबा वाटून खायची, तोही बरोबर अर्धा-अर्धा. बाईंचा तिच्यावर जीव जडायला तेवढं पुरेसं होतं.

मुलीने पाच जागा निवडल्या होत्या. चार नांगरलेली शेतं आणि पाचवं बंद गिरणीमागचं मैदान, ज्याला चाळीस वर्षांत नांगर लागला नव्हता. वर्षानुवर्षं उलथीपालथी होणारी माती आणि कुणी न हलवलेली माती यांतला फरक तिला दाखवायचा होता, म्हणजे हे मैदान नसेल तर बाकीची चार शेतं कशाशी ताडून बघणार? तिचा सगळा प्रबंध या पाचव्या जागेवर उभा होता. प्रत्येक जागेत सात ओळी, ओळीत सात खुणा. खुणांमधलं अंतर आधी एक वीत, मग एक हात, मग दोन हात, असं वाढत जाणारं. पहिल्या चार जागी दोघी बरोबर होत्या. बाई खड्डा घ्यायच्या, मुलगी चिमटीने माती उचलून एकेका चिमुकल्या पिशवीत भरायची, लेबल लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. मग पेटी घेऊन ती प्रयोगशाळेत आणि बाई घरी. पेटीचं पुढे काय होतं हे बाईंनी विचारलं नाही आणि मुलीने सांगितलं नाही. दोघींनाही ते इतकं उघड वाटत होतं.

मैदानावर गोदाम बांधायचं ठरलं होतं आणि सोमवारी सकाळी आठला खोदकाम सुरू होणार होतं. शनिवारी माती काढायची, असा बेत होता. शुक्रवारी दुपारी मुलीने खुंट्या ठोकून सुतळी ताणून घेतली आणि संध्याकाळी केंद्राच्या जिन्यात पाय मुरगळून बसली. पाय टम्म सुजला.

"मावशी, उद्या तुम्ही एकट्या कराल?"

"एकतीस वर्षं कोण करतंय?" बाई म्हणाल्या. "तू पाय वर करून झोप."

शनिवारी बाईंनी सगळं मुलीने घालून दिलं तसंच केलं. हातमोजे, स्पिरिट, ज्योत, एक खड्डा, एक पिशवी, एक लेबल. दुपारी तीनला एकोणपन्नासावी पिशवी भरली. इथे त्या थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण पेटीचं झाकण लावताना त्यांना त्या एकोणपन्नास पिशव्या दिसल्या आणि सुजलेला पाय आठवला. आता ती बिचारी एका पायावर उभी राहून या पिशव्या उघडणार, ओतणार, मिसळणार, चार भाग करणार. कधी व्हायचं ते? एवढं तरी आपण करून देऊ.

त्यांनी नवं कोरं धुतलेलं कापड अंथरलं. एकोणपन्नास पिशव्या त्यावर रिकाम्या केल्या. नवे हातमोजे घालून माती मिसळली, पसरली, चार भाग केले, परत मिसळली. जरा जास्तच वेळ मिसळली, कारण काम प्रेमाचं होतं. जी निघाली ती एका जाड पिशवीत भरून वर गोल अक्षरांत लिहिलं, "जागा पाचवी". मग खड्डे बुजवले, खुंट्या उपटल्या, सुतळीचा गुंडा केला. घरी जाऊन एकोणपन्नास पिशव्या धुतल्या आणि दोरीवर टांगल्या. यजमानांनी चिमटे पुरवले. वाळल्यावर त्यांची चळत करून तिला रबर लावलं. चांगल्या पिशव्या, कशाला वाया घालवायच्या?

रविवारी सकाळी नऊला मुलगी काठी टेकत प्रयोगशाळेत आली. बाईंनी पेटी टेबलावर ठेवली, शेजारी रबर लावलेली चळत ठेवली आणि दोन पावलं मागे होऊन उभ्या राहिल्या. कौतुक ऐकायला त्या अशाच उभ्या राहत.

मुलीने झाकण उघडलं. आत बघितलं. झाकण लावलं, परत उघडलं. मग ती चळतीकडे वळली आणि वरची पिशवी बोटांनी चाचपत राहिली.

"मावशी, बाकीच्या कुठे आहेत?"

"सगळ्या यातच आहेत," बाई म्हणाल्या. "अगदी एकजीव केलीय. इतकी एकजीव मी आजवर कुणाला करून दिली नाही."

मुलगी स्टुलावर बसली. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती त्या जाड पिशवीवरची गोल अक्षरं वाचत राहिली. मोठ्या माणसांना चूक कळायला कधीकधी समोरच्याचं गप्प बसणंच लागतं.

"काय चुकलं माझं?" त्यांनी विचारलं.

मुलीने कागद ओढला आणि एका ओळीत सात टिंबं काढली. "सगळ्या पिशव्यांत मी एकाच जातीचा जीवाणू शोधते, मावशी. तो सगळीकडे सापडतो. पण या टिंबावरचा आणि वीतभर पलीकडचा, यांची जनुकं जुळत नाहीत. नाव एक, घराणं एक, आणि आतून वेगळे. दोन हातांवर आणखी वेगळे. किती अंतरावर किती बदलतात, तेवढंच मला मोजायचंय. मिसळलं की सगळे असतात, पण कोण कुठला ते कळत नाही."

बाई खूप वेळ टिंबांकडे बघत होत्या. "म्हणजे मिसळायचंच नव्हतं."

"नाही."

"मग शेवटी किती पिशव्या लागतात तुला?"

"एकोणपन्नास."

"आणि उद्या आठला मशीन येणार."

"हो."

बाईंनी पदर खोचला. आपण एकतीस वर्षं मिसळत आलो ते काही चुकीचं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खत सगळ्या शेताला एकच घालायचं असतं, वीत वीत मोजून कोण घालतं? पण या पोरीचं काम आपल्या हाताने बुडालं, हेही तितकंच खरं होतं. "उठ," त्या म्हणाल्या. "उरलेली माती मी फाटकाजवळच्या कोपऱ्यात टाकलीय, ती बाजू सोडू. कालच्या खड्ड्यांपासून चार हात सरकून परत घेऊ. आज दिवस आहे आपल्याकडे."

बेत चांगला होता, फक्त खुंट्या जागेवर नव्हत्या. त्या बाईंनीच उपटल्या होत्या. मुलीला सुतळी ताणून सगळ्या ओळी काटकोनात आणायला शुक्रवारी चार तास लागले होते, तेही दोन्ही पाय धड असताना. आता बाई एका टोकाला सुतळी धरून उभ्या, मुलगी दुसऱ्या टोकाला काठीवर, आणि मधली ओळ वाकडी. दुसऱ्यांदा ताणली, तरी वाकडी. एकोणपन्नास खड्ड्यांना पाच तास तरी लागणार होते, आणि सूर्य काही थांबणार नव्हता. तिसऱ्यांदा ताणत असताना बाईंचा फोन वाजला.

"आई, सव्वाअकरा झाले." धाकटी होती. "तुझा फोन नाही आला. बरी आहेस ना?"

बाई गडबडल्या. रविवारचा फोन चुकण्याची ही पहिलीच वेळ. "थांब हं, ताईला घेते."

"राहू दे ताईला. वारा ऐकू येतोय. कुठे आहेस?"

बाईंनी सांगितलं. घाईघाईत सांगितलं, त्यामुळे आधी पाय आला, मग मशीन, मग जीवाणू, आणि शेवटी सुतळी. धाकटी ऐकत होती.

"ओळी किती? अंतरं काय?" तिने विचारलं. मग, "काटकोन कसा काढताय?"

"अंदाजाने."

"सुतळीला हात लावू नका," धाकटी म्हणाली. "मी येते."

पाऊण तासात ती स्कूटरवर आली. खांद्याला कामाची पिशवी, कानावर पेन्सिल. पिशवीतून तिने मोजपट्टी काढली, लाइनदोरी काढली, काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या काढला आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यांना बांधायच्या दोन जाड गाद्या काढल्या. दिवसभर जमिनीवर बसून फरशा बसवणाऱ्यांना त्या लागतात. तिने आईला दगडावर बसवलं, खाली वाकून त्या गाद्या आईच्याच गुडघ्यांना बांधल्या आणि पट्टे नीट आवळले.

"तुला?" बाईंनी विचारलं.

"मला आज उभ्याचं काम आहे."

मग बाईंनी आपल्या मुलीला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. चौदा वर्षं ती हे काम करत होती आणि आई एकदाही बघायला गेली नव्हती. गेली असती तर थोरलीच्या वर्गातही जाऊन बसावं लागलं असतं ना, न्यायाने! धाकटीने एका कोपऱ्यातून तीन हात मोजले, दुसरीकडे चार, तिरपे पाच जुळवले आणि गुण्या लावून खातरी केली. दोरी ताणून खुंट्या ठोकत गेली. आठव्या-नवव्या खुंटीला ती शीळ वाजवायला लागली. छान, लांबलचक, सुरेल शीळ. कर्ण मोजताना थांबली, कर्ण जुळला तशी पुढची ओळ परत सुरू.

"तू शीळ कधीपासून वाजवतेस?" बाईंनी विचारलं.

"आठवीपासून."

"मी कधी ऐकली नाही."

"ताईच्या अभ्यासात व्यत्यय यायचा. तू दोघींनाही बंदी केली होतीस." धाकटीने खुंटी ठोकली. "ताईला तर वाजवताच यायची नाही."

ती हसत हसत म्हणाली. बाईही हसल्या, पण ते हसू त्यांना गिळावं लागलं. पुढची ओळ ताणली जाईपर्यंत त्या हातातल्या गिरमिटाकडे बघत होत्या.

पाऊण तासात सगळ्या ओळी उभ्या राहिल्या. मग तिघी कामाला लागल्या. मुलगी उलट्या क्रेटवर पाय लांब करून लेबलं लिहायला बसली. धाकटी गिरमिट पुसून, ज्योतीवर धरून, गार करून आईच्या हातात द्यायची. बाई खड्डा घ्यायच्या, माती नव्या पिशवीत. धुतलेल्या पिशव्या मुलीने वापरू दिल्या नाहीत. त्या रबरासकट बाईंना परत मिळाल्या. काम इतकं लयीत चाललं होतं, की चौथी ओळ संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार वाजता मैदानाच्या फाटकातून खोदकामाचं मशीन आत आलं. उद्याचं काम म्हणून मशीनवाला ते आजच आणून लावणार होता, आणि त्याला आवडलेली जागा म्हणजे नेमकी सहावी-सातवी ओळ. बाई गुडघ्यांच्या गाद्यांसकट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मशीनवाला खाली उतरला. दोऱ्या बघितल्या, खुंट्या बघितल्या, गुडघे बघितले. "काय शोधताय, बाई? कुणी काही पुरलंय का?"

"जीवाणू."

"ते तर सगळीकडे असतात म्हणे."

"सगळीकडे असतात," बाई म्हणाल्या, "पण सारखे नसतात. या खुणेवरचा वेगळा, त्या खुणेवरचा वेगळा. मिसळले की गेलं सगळं. तुमचं मशीन आमच्या दोन ओळी मिसळून टाकेल."

क्रेटवरची मुलगी लिहायची थांबून बाईंकडे बघत होती. मशीनवाल्याला किती कळलं देव जाणे, पण बाईंच्या आवाजात असा काही अधिकार होता की त्याने टोपी मागे सारली.

"दादा, भिंतीकडे लावा ना," धाकटी म्हणाली. "तिकडची जमीन पक्की आहे. इकडे पावसाचं पाणी मुरतं, चाक रुतेल."

हे त्याला लगेच कळलं. मशीन भिंतीकडे गेलं, आणि जाता जाता त्याने विचारलं, तुम्ही कोणत्या साइटवर असता, ताई? धाकटीने सांगितलं. दोघांच्या ओळखीचा एक गवंडीही निघाला.

पावणेसहाला एकोणपन्नासावी पिशवी पेटीत गेली. मुलीने दोनदा मोजल्या. बाई गुडघे चोळत उठल्या, पेटीत डोकावल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "आता मिसळून देऊ का?"

मुलीने पेटी छातीशी धरली. मग तिला समजलं, आणि दिवसभर दाबून धरलेलं हसू आणि रडू दोन्ही तिला एकदमच आलं. सोमवारी आठ वाजता मशीन चालू झालं, तेव्हा पेटी प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये होती.

पुढच्या रविवारी अकराला बाईंनी नेहमीसारखा दोघींना कॉल लावला. थोरली मुख्याध्यापिकेबद्दल बोलली. धाकटी "हो" म्हणाली, "बरं" म्हणाली. बाईंना ते आता खटकत होतं, पण एकतीस वर्षांची सवय हातातून सुटायची तर निमित्त लागतं. असे आठ रविवार गेले.

निवृत्तीच्या दिवशी होणाऱ्या डॉक्टर एक मोठा कागद गुंडाळून घेऊन आल्या. भाषणं व्हायच्या आधीच मुलीने तो टेबलावर पसरला. पाच चौकटी होत्या, प्रत्येकीत एकोणपन्नास ठिपके. नांगरलेल्या चार शेतांचे ठिपके दोन-तीन रंगांतच आटोपलेले. गिरणीमागच्या मैदानाचे ठिपके मात्र निळे, पिवळे, तांबडे, हिरवे, शेजारच्या शेजारी निराळे.

"एकच जात, मावशी. आणि वीतभरात बघा किती बदललीय. गाइड म्हणाले, याच चौकटीवर प्रबंध उभा आहे."

"आणि हे काय?" बाईंनी कागदाच्या कोपऱ्यातल्या एका गोलावर बोट ठेवलं. त्यात सगळेच रंग होते.

"ती तुमची पिशवी. तीही तपासली मी." मुलगी हसली. "यात सगळे सापडले, एकही सुटला नाही. इतकं नीट मिसळलेलं मी कधी पाहिलेलं नाही. फक्त कोण कुठे राहत होता, ते यावरून सांगता येत नाही."

बाई त्या गोलाकडे बघत उभ्या राहिल्या. मातीचं निभावलं होतं, मुलीचं काम वाचलं होतं, त्याचा त्यांना आनंदच होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर आठवीतली धाकटी आली, शीळ वाजवायला घराबाहेर जात असणारी, आणि भरल्या हॉलमध्ये त्यांना फार वाईट वाटलं.

मग केक आला. सुरी बाईंच्या हातात आली. त्यांनी केककडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "कुणाला कसा हवा?"

असा प्रश्न या ऑफिसात कुणी कधी विचारला नव्हता. शेवटी कारकून पुढे झाला.

"बाई, मला क्रीम आवडत नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं खातोय."

त्या दिवशी केक कापायला पाऊण तास लागला आणि एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता.

रविवारी अकराला बाईंनी थोरलीला फोन लावला. तिची मुलं, तिची शाळा, तिची मुख्याध्यापिका, सगळं पोटभर ऐकलं. फोन ठेवला, पाणी प्यायल्या आणि मग धाकटीला लावला.

"बोल, आई. ताईला घेतलं?"

"नाही. ताईशी झालं बोलून."

"काही झालंय का? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. समोर बसून पेपर वाचतायत." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आजपासून तुझा फोन वेगळा."

बाई थांबल्या. त्यांना घाई नव्हती, त्या निवृत्त होत्या.

"मग मी काय बोलू?" धाकटीने हळूच विचारलं.

"तुझं."

आधी ती अडखळत बोलली. एका हॉलची फरशी होती, तीन कोपरे काटकोनात आणि चौथा हट्टाला पेटलेला. मग मालकाची बायको आली, मग शेजारच्या साइटवरचा तो गवंडी, मग नव्या फरशीचा रंग, मग पाठदुखी, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. बाई मधेच "मग?" म्हणत होत्या, आणि प्रत्येक "मग?"ला आणखी काहीतरी निघत होतं. धाकटी अबोल नव्हती. कधीच नव्हती.

पाऊण वाजला तेव्हा यजमानांनी पेपर खाली केला. "थोरलीला वीस मिनिटं आणि धाकटीला सव्वा तास? तराजू बिघडला वाटतं."

बाईंनी हाताने त्यांना गप्प बसायची खूण केली. पलीकडून धाकटी त्यांना शीळ वाजवून दाखवत होती.